डोंग्याचा पोळा

हणमंतरावांना रागवायला कारण लागत नसे. पण त्या सकाळी कारण होतं, ते बावीस फूट लांब होतं, आणि कोणीतरी त्याला गेरूचे ठिपके दिले होते.

पोळ्याचा दुसरा दिवस. आदिलाबादहून निघून तलमडुगुच्या अलीकडे गाडी भोरवाहीच्या तलावाकडे वळली, तेव्हा हणमंतराव बऱ्या मूडमध्ये होते. म्हणजे गप्प होते. बांध ओलांडून माणिकरावांच्या शेताच्या कडेला गाडी थांबली आणि समोर काठाच्या बाभळीला बांधलेली त्यांची शिडाची होडी दिसली. होडीच्या नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, बैलाच्या कपाळाला बांधतात तसं, रंगीत बाशिंग बांधलेलं. डोलकाठीला घुंगरमाळ. दोन्ही पांढऱ्या कुशींवर गेरूचे ठिपके आणि मधूनमधून हाताचे लाल पंजे. नाळेपाशी झेंडूच्या माळा आणि चमचमती बेगड इतकी चढवलेली, की खाली यंत्र आहे की देव आहे ते ओळखू येऊ नये.

"अगं बाई!" मागच्या सीटवरून त्यांच्या पत्नी कुमुदिनीबाई म्हणाल्या. "लग्न ठरलं वाटतं हिचं."

हणमंतरावांनी दार उघडलं, ते बंद करायचं राहून गेलं.

या माणसानं तीस वर्षं विशाखापट्टणमच्या गोदीत इंजिनिअर म्हणून काढली होती. निवृत्त होऊन गावी आला तेव्हा घरच्यांची आशा अशी, की राग तिकडे समुद्रातच टाकून आला असेल. तो राग घेऊन आलाच, वर ट्रकवर घालून ही होडीही घेऊन आला. आदिलाबाद जिल्ह्यात शिडाची होडी म्हटलं की ऐकणारा आधी हसायचा आणि मग विचारायचा, मासे किती मिळतात? हणमंतराव दोन्हींवर सारखेच भडकत. मासे मिळत नाहीत. मासे धरायचे नाहीत. वाऱ्यावर जायचं आणि यायचं. "कुठं जायचं?" असं पुढे कोणी विचारलंच, तर त्याच्याशी बोलणं बंद.

होडी तरंगेल असं जवळपास एकच पाणी होतं, भोरवाहीचं. आणि ते ज्या खात्याच्या ताब्यात होतं त्या खात्याच्या साहेबांना एक दिवस शंका आली. त्यांनी हणमंतरावांना बोलावून विचारलं, "हवा जोर से आई तो क्या करते जी?"

इथं हणमंतरावांनी छाती काढली. म्हणाले, पुढचं शीड आहे ना, त्याला फर्लर आहे. शीड एका तारेभोवती चटईसारखं गुंडाळलेलं असतं. तारेच्या पायथ्याशी ड्रम आहे, पतंगाच्या फिरकीसारखा. शीड उघडताना दोरी आपोआप ड्रमवर गुंडाळली जाते. वारा वाढला की मागं बसल्या बसल्या तीच दोरी ओढायची. ड्रम उलटा फिरतो, शीड गुंडाळलं जातं. चहाला उकळी येईस्तोवर काम खलास.

"तो दिखाओ," साहेब म्हणाले.

झालं. मुआयना, म्हणजे पाहणी, ठरला. साहेबांनी काठावरून रुमाल हलवायचा, हणमंतरावांनी शीड गुंडाळून दाखवायचं. गुंडाळलं, तर होडी तलावावर राहील. नाही गुंडाळलं, तर आठवड्यात उचलून न्यायची. कुठं न्यायची हे साहेबांच्या खात्यात बसत नव्हतं.

"थोडक्यात, तुमच्या बढाईचा मुआयना आहे," कुमुदिनीबाईंनी घरी तेव्हाच सांगितलं होतं.

आणि आज, मुआयन्याच्या दिवशी, हे.

"माणिकराव!" हणमंतराव ओरडले. तलावावरचे बगळे उडाले.

माणिकराव गोठ्यातून आले, काही घाई न करता. त्यांची जमीन पाण्याला लागून. कापूस, ज्वारी, मधल्या ओळींत अंबाडी. होडी त्यांच्या बाभळीला बांधायची परवानगी हणमंतरावांनी एकदा नम्रपणे मागितली होती, आणि ती नम्रता एवढी दुर्मीळ होती की माणिकरावांनी पुढचं काही न विचारता हो म्हटलं. तेव्हापासून होडीची देखभाल त्यांच्याकडे, आणि हणमंतराव पाण्यावर गेले की सोबतीलाही तेच. होडीला ते डोंगा म्हणत. तिला डोंगा म्हणू नका असं हणमंतराव दर वेळी सांगत. मग माणिकराव "बरं" म्हणत आणि पुढच्या वाक्यात डोंगा म्हणत.

"हे काय आहे?"

"पोळा."

"पोळा काल होता!"

"मंग कालच केला ना. आज उतरवाचा होता. पण तुमचा मुआयना, म्हून ठेवला. म्हटलं, साहेबालेई दिसू द्या."

"माणिकराव, ही होडी आहे. बैल नाही."

"ट्रॅक्टर कोणता बैल हाय? त्याचाई पोळा करतो आमी. फवाऱ्याच्या पंपाले कुंकू लावतो. डोंग्यानं काय पाप केलं?"

माणिकरावांच्या पत्नी देवकाबाई हात पुसत पुढं आल्या. चेहऱ्यावर कौतुक मावत नव्हतं. "भाऊजी, आदल्या सांजेले आवतणई देल्लं तिले. कानात सांगाव त कान सापडेना. मंग पुढच्या टोकाशी तोंड लावून सांगतलं, की उद्या जेवाले ये म्हून."

"आली का?" कुमुदिनीबाईंनी विचारलं.

"येते कशी नाई? पुरणपोळी ठेवली तिच्या टोकावर. कावळ्यानं खाल्ली, पण ते तिच्या नावानं."

"तुम्ही गप्प बसा!" हणमंतराव बायकोला म्हणाले. राग कोणावर काढावा हे कळेनासं झालं की तो सवयीनं तिकडे जाई. मग पुन्हा माणिकरावांकडे वळले. राग चढला की त्यांची गोदीतली साहेबी भाषा गळून पडे. "हे ठिपके काऊन देल्ले? जाणार कसे हे?"

"गेरू हाय. पाण्यानं जाते," माणिकराव म्हणाले. "तुमचा राग नाई जात पाण्यानं."

हणमंतरावांनी गाडीतलं फडकं घेतलं, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि पाण्यात उतरून ठिपके पुसायला लागले. ठिपके पुसले जात नव्हते, पसरत होते. एक कूस गुलाबी झाली. आता ती होडी बैलासारखी दिसत नव्हती, सुजलेल्या गालासारखी दिसत होती. हणमंतराव दात खाऊन घासत राहिले. रोज होडीवर चढताना ते पहिल्यांदा नाळेपाशी जात, ड्रम हातानं फिरवून बघत, दोरी ड्रममध्ये काटकोनात शिरते की नाही ते एक डोळा मिटून तपासत, मग कडेकडेच्या पुल्यांमधून ती मागं सुकाणूपर्यंत मोकळी जाते की नाही ते बोटानं चाचपत. त्या दिवशी यातलं काही झालं नाही. ठिपके पुसायचे होते.

मधेच त्यांची नजर गोठ्यापाशी बांधलेल्या वासराकडे गेली. वासराच्या गळ्यात पांढरी दोरी होती, तिच्यात बारीक निळा धागा. ही दोरी आपण कुठंतरी पाहिली आहे असं त्यांना वाटलं. पण तेवढ्यात गेरूचा एक ओघळ कोपरापर्यंत आला आणि ते पुन्हा त्याच्यावर तुटून पडले.

जीप वेळेआधी आली. सरकारी जीप वेळेआधी आलेली हणमंतरावांनी आयुष्यात पाहिली नव्हती, आणि नेमकी आजच पाहावी लागली याचाही त्यांना राग आला. साहेब उतरले, बूट चिखलात जाऊ नयेत म्हणून देवकाबाईंनी टाकलेल्या पोत्यावर उभे राहिले, होडीकडे पाहिलं आणि फोन काढला.

"अरे वा! फेस्टिव्हल बोट!"

"सर, ये सब अभी निकालता," हणमंतराव म्हणाले.

"काहे को निकालते जी? रहने दो. चलो, चालू करो."

होडीत दोघं चढले. माणिकराव नाळेकडे, नव्या धोतरावर नारिंगी लाइफ जॅकेट चढवून. हणमंतराव मागं सुकाणूपाशी, कोपरापर्यंत लाल. मागच्या छोट्या इंजिनानं ठकठक करत त्यांना तलावाच्या मध्यापर्यंत नेलं आणि तिथं हणमंतरावांनी ते बंद केलं. रात्री भुरभुर पाऊस पडून गेला होता. वारा तलमडुगुच्या अंगानं सरळ काठाकडे येत होता. चांगला होता, थोडा वाढता होता. मुआयन्याला असाच हवा.

"ड्रमची दोरी मोकाट सोडू नका," हणमंतराव म्हणाले. "हातात ताण ठेवून, हळूहळू. सैल सुटली तर ड्रमवर वेढे एकमेकांवर चढतात."

"किती डाव सांगान? कासरा धरतो मी जन्मापासून."

हणमंतरावांनी शिडाला ताणून धरणारी दोरी ओढली. शीड उलगडायला लागलं. एक वेढा, दोन वेढे, वाऱ्यानं पोट धरलं, होडी कलली, आणि त्या क्षणी, रोज व्हायचं तसं, हणमंतराव आपला राग विसरले. ज्यासाठी हा सगळा उपद्व्याप, ते एवढंच होतं. ते कोणाला सांगता येत नसे, म्हणून ते रागवत.

निम्मं शीड उघडलं आणि थांबलं.

त्यांनी पुन्हा ओढलं. शीड हललं नाही. काठावर साहेबांनी रुमाल हलवला. हणमंतरावांनी उलट, गुंडाळायची दोरी ओढली. तीही हलली नाही. पण हाताला ती वेगळी लागली. खरखरीत, ओली, अंगठ्याएवढी जाड. त्यांनी पहिल्यांदाच हातातल्या दोरीकडे पाहिलं.

"माणिकराव. ही दोरी कोणती?"

"नवी."

"जुनी कुठं आहे?"

"जुनीच होती ना ते, झिजली होती. एके जागी त केसं निघाले होते तिचे. पोळ्याले घरातले सारे दोर नवे करतो आमी. बैलाचे, गाईचे, पाळण्याचा, विहिरीचा. मंग डोंग्याचा जुना कसा ठेवाव? देवकानं खास अंबाडी भिजवली, वाख काढला, तीन दिवस पीळ देल्ला. असा दोर तालुक्यात नाई मिळत."

हणमंतराव सुकाणू सोडून नाळेकडे धावले. झेंडूच्या माळा ओरबाडल्या, बेगड फाडली. खाली ड्रम होता, आणि ड्रममध्ये अंबाडीचा दोर गच्च भरला होता. करंगळीपेक्षा बारीक दोरीसाठी केलेली जागा. जाड दोरानं निम्म्या शिडातच ती भरून गेली होती. रात्रीच्या पावसानं वाख फुगला होता. वरचा वेढा खालच्या दोन वेढ्यांच्या मधे रुतला होता, आणि जितकं ओढावं तितका आणखी रुतत होता. शीड आता आत जाणार नव्हतं, बाहेर येणार नव्हतं, आणि निम्मं गुंडाळलेलं असल्यामुळे तारेवरून खाली उतरवताही येणार नव्हतं. हे बनवणाऱ्या कंपनीनं कितीतरी गोष्टींचा विचार केला होता. पोळ्याचा केला नव्हता.

"कोणाला विचारून बदलली?" हणमंतरावांचा आवाज चिरकला.

"तुमीच त बोल्ले होते! मागच्या साली डोंगा बांधाचा दोर तुटला तवा. 'दोर जुना दिसला की बदला, मले इचारत बसू नका.' साऱ्या गावानं ऐकलं. तुमी हळू बोलता थोडीच!"

वाऱ्याचा एक जोरदार झोत आला. अर्ध्या शिडानं होडीची नाळ काठाकडे फिरवली. हणमंतरावांनी मागं येऊन इंजिन चालू केलं. त्यानं ठकठक केली, पण नाळ वाऱ्याकडे वळवायची ताकद त्यात नव्हती. होडी साहेबांच्या दिशेनं निघाली. साहेब उत्साहानं रुमाल हलवत होते.

एकच उपाय होता. दोर कापायचा, ड्रम मोकळा करायचा आणि शीड हातानं गुंडाळायचं. हणमंतरावांनी खिशातून चाकू काढला आणि पुन्हा नाळेकडे गेले. बघतात तर माणिकरावांनी ड्रमवर पंजा ठेवलेला.

"हात काढा."

"कापाचा नाई."

"माणिकराव, अर्धा तलाव संपला! हात काढा!"

"सोडवा ना. गाठ सोडवा, वेढा काढा, दातानं ओढा, मी बी ओढतो. पण पातं नाई लावाचं. आमच्या घरात पोळ्याच्या दोराले पातं एकदाच लागते. बैल मेला म्हंजे."

"ही बैल नाही! किती वेळा सांगू? ही मरत नसते!"

"मंग तिच्यासाठी एवढा जीव काऊन टाकून राह्यले तुमी?"

हणमंतरावांनी शिवी दिली. माणिकरावांनी ती परत केली, त्यात जरा भर घालून. दोघंही साठीपुढचे, एकाच्या हातात उघडा चाकू, दुसऱ्याच्या अंगावर नारिंगी जॅकेट, दोघंही ड्रमवर वाकलेले, दोघांची नखं ओल्या वाखात रुतलेली. होडीकडे पाहायला कोणी नव्हतं. तिनं आपला निर्णय आपण घेतला आणि साहेबांपासून दहाबारा हातांवर काठाच्या चिखलात जाऊन नाक खुपसलं. घुंगरमाळ खळखळून वाजली.

काठावर टाळ्या पडल्या. साहेबच वाजवत होते.

हणमंतराव चिखलात उतरले. चेहरा गेरूसारखाच झालेला. सरळ साहेबांसमोर जाऊन उभे राहिले. त्यांच्यात वाईट गुण बरेच होते, पण खोटं बोलण्याचा नव्हता, तेवढा वेळच त्यांना कधी मिळाला नाही.

"सर, मैं फेल हुआ. ड्रम जाम है. रस्सी गलत है. सेल बंद नहीं हुआ."

"क्या फेल जी?" साहेबांनी फोन त्यांच्यासमोर धरला. फोटोत अर्धं शीड, बाशिंग, लाल पंजे, मागं ढग. "देखो ना, कित्ता अच्छा लगरा! आधा खुला, आधा बंद. डिजाइन एकदम बढिया है. पास! पास कर दिया."

"सर, आपण बोले थे, सेल बंद करके दिखाओ. नहीं हुआ. मुझे फेल करो."

"अरे, क्यों फेल करता मैं?"

कुमुदिनीबाई नवऱ्याच्या मागं येऊन उभ्या होत्या. नापास करा म्हणून भांडणारा उमेदवार त्या पहिल्यांदाच पाहत होत्या. "अहो, ऐकून तरी घ्या," त्या हळूच म्हणाल्या. "पास म्हणतायत."

साहेबांना आता कल्पना सुचली होती आणि ती थांबत नव्हती. होडी इथंच काठाला पक्की बांधायची. खाली सिमेंटचा कट्टा घालू. शीड असंच अर्धं. रंग, पंजे, घुंगरू, सगळं असंच. "और ये रस्सी मत निकालना. येइच तो अपना कल्चर है! लोगां आयेंगे, खड़े रहके फोटो लेंगे. इजाजत पक्की. पानी में ले जाने का झंझटइच नहीं. हवा आई तो आने दो!"

"चलाने का नहीं?" हणमंतरावांनी विचारलं.

"काहे को चलाना जी?"

हणमंतरावांचा राग मोठा असला की आवाज मोठा होई. त्याहून मोठा राग त्यांना आजवर आला नव्हता, त्यामुळे त्यात काय होतं ते त्यांनाही माहीत नव्हतं. आवाज गेला. होडी तलावावर राहणार होती. हेच तर मागितलं होतं. ते पँटवरचा चिखल पाहत उभे राहिले.

माणिकराव होडीतून उतरून मागं आले होते. हिंदी त्यांना हणमंतरावांपेक्षा चांगली समजत होती, कापूस विकताना शिकलेली. तरी त्यांनी खात्री करून घेतली.

"काय म्हणून राह्यले? चालवाची नाई?"

"नाही."

"कदीच?"

"कधीच नाही. सजून उभं राहायचं. लोक येऊन फोटो काढणार."

माणिकरावांनी होडीकडे पाहिलं. बाशिंग तिरपं झालं होतं. मग त्यांनी साहेबांकडे पाहिलं, आणि हणमंतरावांना इतक्या वर्षांत पहिल्यांदा कळलं की या माणसालाही राग येतो, आणि तो आपल्यासारखा फुटकळ नाही.

"सारू," माणिकराव म्हणाले, "पोळा किसका रहता, मालूम?"

"बैलां का."

"काम करनेवाले बैल का. सालभर जुततां, उसका एक दिन. दुसरे दिन फिर जुततां. जो खाली सजके खड़ा रहता, उसकू हम झूल नहीं डालते. उसके नाम से मेरी औरत तीन दिन रस्सी नहीं बटती."

"अरे, वो ठीक है. लेकिन पब्लिक को..."

माणिकराव गोठ्याच्या कुडात खोचलेला विळा घेऊन आले. पाण्यात उतरले, नाळेवर वाकले, आणि रुतलेल्या वेढ्याखाली विळ्याचं टोक घालून एका हिसड्यात दोर कापला. ड्रम गर्रकन फिरला. शीड फडाडून पुरं उघडलं आणि साहेबांच्या अंगावर पाणी उडालं.

"ए! ए! क्या करते?"

"मर गया, सारू. शोभेवाला मर गया. लिख लेव."

पहिला ओरडा साहेबांचा नव्हता, देवकाबाईंचा होता. "मले इचारलं? माया हाताचा पीळ होता तो! तीन दिवस बोटं सोलली माईं! कापाचाच होता त तिकडं पाण्यात कापाचा होता, भाऊजी सांगत होते तवा!"

"तवा जित्ता होता!"

"आन आता?"

"आता तू गप राय!"

"मी काऊन गप राऊ? तुमी दोघं पाण्यात शिव्या देता, काठावर ऐकू येते. गप मी राऊ?"

साहेबांनी बुटावरचा चिखल झटकला. त्यांच्या कल्पनेचा खून झाला होता आणि तोही त्यांच्या डोळ्यांदेखत. "इजाजत कॅन्सल! एक हफ्ते में बोट उठाओ! नहीं उठाई तो जप्त करता मैं!" जीप मागं फिरली. पोतं चाकाखाली सापडून तिच्यासोबत बांधापर्यंत फरफटत गेलं.

काठावर चौघंच उरली. शीड मोकाट फडफडत होतं.

मग हणमंतरावांचा आवाज परत आला. "हे काय करून बसलात तुम्ही? निदान काठावर तरी राहिली असती!"

"पायजे होती तशी?"

हणमंतराव वळले. तरातरा गोठ्याकडे गेले, आणि वासराच्या गळ्यातली पांढरी दोरी सोडवायला लागले. गाठ माणिकरावांची होती, सुटता सुटेना. शिव्या देत ती सोडवली. दोरीला शेणाचा वास होता. मधे एके ठिकाणी खरंच केसं निघाली होती. पण दोरी बारीक होती, गुळगुळीत होती, ड्रमसाठीच जन्मलेली होती.

पुढचा अर्धा तास दोघंही चिखलात उभे राहून भांडत भांडत काम करत होते. शीड हातानं पुरं गुंडाळलं. दोरीचं टोक ड्रमच्या भोकातून घालून गाठ मारली, वर तीनचार वेढे दिले. "काटकोनात! तिरपी नको, काटकोनात!" "दिसून राह्यलं मले!" पुल्यांमधून दोरी मागं नेली. देवकाबाईंनी कापलेल्या दोराचे तुकडे गोळा करून पदरात घेतले आणि दोघांकडेही पाठ केली.

"हे कुठं निघालात?" कुमुदिनीबाईंनी विचारलं, कारण हणमंतराव होडी ढकलायला लागले होते.

"पाण्यावर."

"परवानगी?"

"आठवडा आहे ना! उचलायला आठवडा दिलाय. उचलेपर्यंत काय करायचं ते त्याच्या बापानं सांगितलेलं नाही!"

"मग मी डबा काढत नाही," कुमुदिनीबाई म्हणाल्या. "आल्यावर जेवा. आलात तर."

माणिकरावही ढकलत होते. होडी चिखलातून सुटली तसे दोघं चढले. बाशिंग उतरवायला आता कोणाला वेळ नव्हता. इंजिनानं मध्यापर्यंत नेलं. ढग खाली आले होते, पाणी काळं पडलं होतं, वारा मघापेक्षा दुप्पट होता.

"ताण ठेवून सोडा," हणमंतराव म्हणाले.

माणिकरावांनी दोरी तळहातातून सरकू दिली, पावलापावलानं, नांगर ओढणाऱ्या बैलाला कासरा देतात तशी. शीड पुरं उघडलं, कुठं न अडता. होडी एका कुशीवर पडली आणि सुटली. गुलाबी कूस पाण्याला घासत होती, ठिपक्यांची कूस वर होती, घुंगरं वाजत होती. हणमंतराव पुन्हा राग विसरले. एवढ्यासाठी सगळं. आणि आठवडाभर फक्त. त्या विचारासरशी तो परत आला.

"पुढच्या आठवड्यात हिला नेऊ कुठं?" ते वाऱ्यात ओरडले.

"मले काय इचारता? मी मारली म्हणता ना तिले!"

"तुम्हीच मारली!"

"मंग मेलेल्या डोंग्यात बसून काऊन राह्यले? उतरा!"

तेवढ्यात काठावरून देवकाबाईंची हाक आली. वाऱ्यानं तिचे तुकडे तुकडे होत होते, पण त्यातला एक पोचला. वासरू. हणमंतरावांनी दोरी सोडवून घेतली होती. वासराला दुसरं काही बांधलं नव्हतं. आणि वासरू आता माणिकरावांच्या कापसात, दुसऱ्या ओळीत, मान खाली घालून उभं होतं.

"आरे, माया पऱ्हाटीत गेलं ना ते!" माणिकराव उभे राहिले. "तुमाले साधी अक्कल नाई? जनावराचा दोर घेतला त दुसरा बांधाव!"

"मी बांधायचा? दोर माझा होता!"

"वारा वाढला. गुंडाळा ते! चला काठाले!"

"मग ओढा!"

माणिकरावांनी दोरी ओढली. ड्रम फिरला, एकही वेढा न अडखळता. एवढं मोठं शीड तारेभोवती वेढे घेत सरसरत आत गेलं आणि तारेला चिकटून गप्प झालं. झोत येऊन गेला. होडी सरळ उभी राहिली. घरात चहाचं आधण ठेवलं असतं, तर भांडंसुद्धा तापलं नसतं.

हणमंतरावांनी काठाकडे पाहिलं. मुआयन्याला कोणी नव्हतं. कुमुदिनीबाई साडी खोचून पऱ्हाटीत पळत होत्या, देवकाबाई त्यांच्या पुढं, हातात अंबाडीच्या दोराचा त्यातल्या त्यात लांब तुकडा घेऊन, आणि वासरू त्या दोघींच्या पुढं.